लपवलेले आजारपण: पिंजऱ्यातले आणि घरातले

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले. वय ७६. आमच्या भागात सारे त्यांना गुरुजी म्हणतात. आठ दिवसांचा ताप, ठणकणारे डोके, अंगदुखी आणि कोरडा खोकला अशी तक्रार होती. रक्त तपासले, डेंग्यू नव्हता, मलेरिया नव्हता. मी अमॉक्सिसिलिन दिले. ताप हटला नाही. पाच दिवसांनी त्याच कुळातले, थोडे वरचे औषध दिले. तरीही नाही. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाची छाया दिसली. त्यांना जिना उतरवेना, म्हणून मी घरी गेलो आणि तिथे प्रथमच गॅलरीतला पिंजरा पाहिला.

पिंजऱ्यात तीन लव्हबर्ड होते. दोन दांडीवर बसलेले. तिसरा तळाशी, पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून. मी पाहतो आहे हे पाहून गुरुजींची नात हळूच म्हणाली, “चौथा गेल्या महिन्यात मेला. आजोबांनी तो कुंडीत पुरला आणि बाबांना सांगू नकोस म्हणाले.”

गुरुजी खजील झाले. “डॉक्टर, मुलाला कळले असते, तर त्याने पिंजराच कुणाला तरी देऊन टाकला असता. ही गेल्यापासून सकाळी माझ्याशी बोलणारे तेवढेच आहेत.”

त्यांनी लपवले हे खरे. पण मीही विचारले नव्हते. तंबाखू, मधुमेह, प्रवास, घरात कुणाला क्षय, हे सारे मी विचारले. “घरात पक्षी आहे का?” हा एक प्रश्न राहिला, आणि त्याची किंमत गुरुजींनी जवळपास दोन आठवड्यांच्या तापाने मोजली.

पक्ष्याकडून येणारा न्यूमोनिया

या आजाराचे नाव सिटॅकोसिस. पोपटाला ग्रीक भाषेत असलेल्या शब्दावरून ते पडले. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून युरोप-अमेरिकेत गेलेल्या पोपटांमुळे याची मोठी साथ आली होती. ‘क्लॅमिडिया सिटॅसी’ हा जिवाणू याचे कारण. पोपट, कॉकाटील, लव्हबर्ड, कबुतरे यांच्या विष्ठेतून व नाका-डोळ्यांच्या स्रावातून तो बाहेर पडतो. विष्ठा वाळली की तिची धूळ होते आणि पिंजरा झाडताना ती श्वासावाटे आत जाते. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, तीव्र डोकेदुखी व कोरडा खोकला सुरू होतो. उतारवयात हा आजार अधिक गंभीर होऊ शकतो. माणसाकडून माणसाला मात्र तो क्वचितच होतो.

हा जिवाणू पेशींच्या आत राहतो. त्यामुळे पेनिसिलिनच्या कुळातली औषधे त्याच्यावर लागू पडत नाहीत. डॉक्सिसायक्लिन लागू पडते. याची खात्रीशीर चाचणी सगळीकडे सहज होत नाही, म्हणून निदान बरेचसे रुग्णाने दिलेल्या माहितीवर उभे असते. छातीच्या तज्ज्ञांशी बोलून मी गुरुजींचे औषध बदलले आणि दोन दिवसांत ताप उतरला. तरीही, वाचकहो, हे वाचून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू नका. आपण डॉक्टरांना फक्त पक्ष्याबद्दल सांगा. औषध त्यांना ठरवू द्या.

पक्षी आजार का लपवतो?

रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून आजारी पक्षी शक्य तितका वेळ धडधाकट असल्याचे भासवतो. पिंजऱ्यात पिढ्या गेल्या तरी ही सवय जात नाही. म्हणूनच “काल तर चांगला होता” हे वाक्य पशुवैद्यांना वारंवार ऐकावे लागते. पुढील खुणा ध्यानात ठेवा:

• दिवसा पिसे फुगवून, डोळे मिटून बसणे. दांडी सोडून तळाशी येणे.
• श्वासागणिक शेपटी वर-खाली होणे किंवा चोच उघडी ठेवून श्वास घेणे.
• विष्ठा पातळ, गडद हिरवी किंवा पिवळसर होणे. नाका-डोळ्यांतून पाणी येणे.
• दाणे फोडून टरफले टाकतो, पण गिळत नाही. वाटी भरलेली दिसते ती टरफलांनीच.
• बोलका पक्षी अचानक गप्प होणे.

यांतील एकही खूण दिसली, तर उद्याची वाट पाहू नका. छोटा पक्षी उपाशीपोटी एक-दोन दिवसही तग धरत नाही. त्याला इतरांपासून वेगळे ठेवा. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि आजारात ते टिकवताना त्याची शक्ती संपते. म्हणून पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून, ४० वॅटचा जुना पिवळा दिवा लावा. दुसरी बाजू गार राहू द्या, म्हणजे उकडले तर त्याला सरकता येईल. चोच उघडून पाणी किंवा औषध ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते. माणसांच्या गोळ्यांचा चुराही देऊ नका. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळच्या पशुवैद्यांकडे पक्ष्यांचा अनुभव नसेल, तर तिथे चौकशी करावी.

गुरुजींच्या पक्ष्यांवरही उपचार झाले. या आजारात पक्ष्यांना पशुवैद्याच्या देखरेखीखाली रूढ पद्धतीने ४५ दिवस औषध देतात. पक्षी टवटवीत दिसू लागला म्हणून ते मध्येच थांबवायचे नसते.

जे टाळता येते ते

पाळीव पक्ष्यांचे कितीतरी आजार वाटीतून सुरू होतात. बाजारात लव्हबर्ड म्हणून मिळणारे बहुतेक पक्षी ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. त्यांना वर्षानुवर्षे केवळ राळे-बाजरी दिली, तर अ जीवनसत्त्व व आयोडीन कमी पडते. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते. पालेभाजी, गाजर, सिमला मिरची, कोथिंबीर रोज थोडी द्यावी. अव्होकाडो, चॉकलेट आणि खारट फरसाण कधीही देऊ नये. पिंजरा स्वयंपाकघरात तर नकोच. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. माणसाला तिचा वासही जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट. आपला देशी हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजोबांच्या वाड्यात मिठू होता, हे आजचे समर्थन होऊ शकत नाही.

ताप नाही, पण दम लागतो

दुसरा आजार अधिक छुपा. पिसांवरची बारीक भुकटी आणि विष्ठेची धूळ यांचे काहींच्या फुप्फुसांना वावडे असते. हा जंतुसंसर्ग नव्हे, त्यामुळे पक्षी अगदी निरोगी असला तरी तो होतो. कबुतरे पाळणाऱ्यांमधील या आजाराचे वर्णन १९६५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका मोठ्या पाहणीत फुप्फुसांच्या इंटरस्टिशियल आजारांच्या १,०८४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना अशा वावड्याचा विकार आढळला. त्यात सर्वाधिक संशय एअर कूलरवर होता. पक्ष्यांचाही त्यात वाटा होता.

महिनोन्महिने कोरडा खोकला, जिना चढताना वाढत जाणारा दम, घटणारे वजन या लक्षणांना “वयामुळे होते” म्हणून सोडून देऊ नका. छातीचा सीटी स्कॅन लागेल. हा आजार असल्यास पक्ष्यांशी संपर्क तोडणे हाच उपचाराचा पाया असतो, औषधे त्यानंतर. उशीर झाला तर फुप्फुसांत पडलेले व्रण भरून येत नाहीत. घरात पक्षी नसेल, पण एसीच्या मागे कबुतरांचे घरटे असेल, तरी ते डॉक्टरांना सांगा. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गाजला. दाणे टाकण्यामागची भूतदया मी जाणतो. पण आपल्या खिडकीखाली दमेकरी राहत असेल, तर तोही त्या दयेचा धनी आहे.

अंगणातला मेलेला कावळा

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक कोंबड्यांमध्ये नोंदला गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातही तो आढळला. एकाच ठिकाणी अनेक कावळे किंवा कोंबड्या अचानक मेलेल्या दिसल्या, तर हात लावू नका. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर कळवा. नीट शिजवलेली अंडी व चिकन खाण्यात धोका नाही, कारण ७० अंश उष्णतेला हा विषाणू मरतो. संक्रांतीत मांज्याने जखमी झालेली घार किंवा घुबड सापडले, तर कापड टाकून ते भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

सांभाळणाऱ्यांसाठी

पिंजऱ्याची सफाई सत्तरीपुढच्या किंवा दमेकरी माणसाने करू नये; घरातल्या धडधाकट माणसाने करावी. कोरडी झाडलोट टाळावी. आधी पाणी शिंपडावे, एन-९५ मास्क व हातमोजे घालावेत, मग तळाचा कागद गुंडाळून टाकावा. कागद रोज बदलावा. पिंजरा मोकळ्या हवेत धुवावा, स्वयंपाकघरातल्या मोरीत नव्हे. पक्षी मेला तर उघड्या हाताने उचलू नये, आणि पशुवैद्यांना कळवल्याशिवाय पुरू नये. इतरांना काय झाले आहे, हे त्यावरून समजू शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: “आधी ते पक्षी बाहेर काढा” हे आपले पहिले वाक्य असू नये. त्या भीतीनेच म्हातारी माणसे खोकला गिळतात. काही वेळा पक्षी द्यावाच लागतो; पण तो निर्णय तपासणीनंतर, त्यांच्याशी बोलून आणि पक्षी कुणाकडे जाणार, हे ठरवून घ्या.

गुरुजी आता बरे आहेत. त्यांचे मूळ दुखणे जंतूंचे होते, वावड्याचे नव्हे, म्हणून पिंजरा गॅलरीत राहू शकला. तळाचा कागद रोज त्यांचा मुलगा बदलतो, ऑफिसला निघण्यापूर्वी. त्या दहा मिनिटांत बापलेकांचे चार शब्द बोलणे होते. आपल्या घरी पिंजरा असो वा नसो, तेवढी दहा मिनिटे रोज काढा. घरातल्या माणसाचे लपवलेले आजारपण बहुधा त्याच वेळी कळते.