केसपेपरवर न उतरणारी मारहाण

“मोरीत पाय घसरला.” “स्टोव्हचा भडका उडाला.” “खोकल्याचं औषध समजून तणनाशक प्यायले.” सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात ही कारणे रोज ऐकू येतात. बहुतेक वेळा ती बाईच्या तोंडून येतच नाहीत, सोबत आलेला नवरा नाहीतर सासू सांगते. समोर रुग्णांची रांग असते, डॉक्टर सांगितले तसे केसपेपरवर उतरवतात. टाके पडतात, पोट धुतले जाते आणि बाई पुन्हा त्याच घरी जाते.

यातले पडून झालेले किती आणि पाडून झालेले किती, हा पोलिसांइतकाच डॉक्टरांचाही प्रश्न आहे, हे जगाने उशिरा मान्य केले. हिंसा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या आहे असा ठराव जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ मध्ये केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराची मारहाण किंवा जबरदस्ती, नाहीतर परक्याकडून लैंगिक हिंसा सोसलेली आहे. अशा हिंसेची खूण केवळ काळ्यानिळ्या डागांवर थांबत नाही. जोडीदाराचा मार खाणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळते, त्यांच्या पोटी कमी वजनाचे बाळ येण्याचा धोका १६ टक्क्यांनी अधिक असतो. हे सगळे लांबच्या देशांतले म्हणून बाजूला सारता येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. विचारणाऱ्या अनोळखी बाईला ज्यांनी खरे सांगितले, त्यांचाच हा आकडा.

दवाखान्यावर भर देण्याचे कारण साधे आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढायची तर बाईला चार माणसांचा पाठिंबा लागतो, माहेरी जायलाही विचारावे लागते. पण पोराला डोस पाजायला किंवा पोटुशी असताना तपासणीला आशाताईबरोबर जाते म्हटले, तर तिला कोणी अडवत नाही. तिथली सिस्टर ही कित्येकदा तिच्या घराबाहेरची पहिली विश्वासाची व्यक्ती ठरते.

हे ओळखून आपल्या राज्यातच एक मोठे काम उभे राहिले. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००१ मध्ये बांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. महापालिकेतल्या डॉ. सीमा मलिक यांचा त्यात मोठा वाटा होता. केंद्र रुग्णालयाच्या आतच ठेवले. तिथल्याच डॉक्टर-परिचारिकांना शिकवून त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार केले. संशयास्पद जखम, विषबाधा किंवा वारंवारची अंगदुखी घेऊन बाई आली, की मलमपट्टी करणारी सिस्टर तिला एकटीला बाजूला घेऊन विचारते आणि समुपदेशकाकडे पोचवते. त्या रात्री घरी जाणे धोक्याचे असेल, तर तिला रुग्णालयातच दाखल करून ठेवतात. कागदावर ती देखरेखीखालची रुग्ण असते, प्रत्यक्षात तिला एक रात्र सुरक्षित झोप मिळते. मला या सगळ्या कामातली ही युक्ती सर्वांत मोलाची वाटते, कारण तिला नवी इमारत लागत नाही की नवा कायदा लागत नाही. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईच्या आणखी रुग्णालयांत ही केंद्रे निघाली.

२०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-परिचारिकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा रोख असाच आहे. सरसकट प्रत्येक बाईला विचारू नका, लक्षणे दिसली तर जरूर विचारा, पण नवरा-सासू खोलीत असताना कधीच नाही. ती बोलू लागली की मधे न तोडता ऐका. तुझे काही चुकलेले नाही हे तिला स्पष्ट सांगा. घरी परतणे कितपत सुरक्षित आहे याचा तिच्याबरोबर विचार करा आणि पुढची मदत कुठे आहे ते दाखवा. ‘सोडून दे त्याला’ किंवा ‘थोडं सांभाळून घे’ हे दोन्ही सल्ले डॉक्टरांनी देऊ नयेत, निर्णय तिचा असावा. याच तत्त्वांवर मिरज-सांगलीच्या आणि औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग ‘सेहत’ने केला. मिरज आपल्या कोल्हापूरपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर.

कोल्हापूरला तर या बाबतीत जुना वारसा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये संस्थानात स्त्रियांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. अंगावरच्या वळांबरोबर मनाचा छळही त्यात गुन्हा धरला होता. ब्रिटिशांच्या दंड संहितेत असे कलम नव्हते, स्वतंत्र भारतात सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम येण्यासाठी १९८३ उजाडले.

पण याच जिल्ह्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. गर्भातच मुलगी ओळखून पाडण्याच्या या हिंसेत दवाखाना हा आसरा नव्हता, हत्यार होता. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण बसवायला लावले आणि गर्भवतीच्या तपासणीचा एफ फॉर्म ऑनलाइन भरण्याची सक्ती केली. रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला असताना कोल्हापूरचा ८६३ वर चढला होता. श्रेय एकट्या यंत्राला देता येणार नाही, आणि ८६३ हा काही समाधान मानावा असा आकडा नव्हेच. तरी प्रशासनाने आग्रह धरला तर डॉक्टरांचे वागणे बदलू शकते, एवढे त्यातून दिसले. तोच आग्रह आता मार खाऊन आलेल्या बाईच्या केसपेपरसाठी धरायला हवा. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करणारी ‘सखी’ केंद्रे निघाली, ती हवीतच. पण ओपीडीतल्या कोणीच विचारले नाही, तर बाई त्या केंद्रापर्यंत पोचणार कशी?

हे वाचणाऱ्या प्रत्येकीने आणि प्रत्येकाने चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात, शेजारणीला, कामावरच्या मावशींना सांगाव्यात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पोलिसांत किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे आधी तक्रार केलेली नाही, या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत मिळते, ती मागून घ्यावी आणि शक्य तर माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवावी, कारण पुढे न्यायालयात तोच कागद बोलतो. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या स्त्रीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने आणि विनामूल्य उपचार करायचे आहेत, टाळणे हा गुन्हा आहे. आणि महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२.