एकच कार्बन, स्वभाव मात्र दोन

पेन्सिलीचे टोक, चुलीतला कोळसा, कापूर जळताना निघणारी काजळी आणि अंगठीतला हिरा या सगळ्यांत कार्बन असतो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. याच कार्बनचे आणखी एक रूप आहे, ते म्हणजे कार्बन नॅनोट्यूब. ही कार्बनच्या अणूंची अतिशय बारीक, पोकळ नळी असते. आपला केस साधारण ८०,००० ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, तर सर्वात बारीक प्रकारची नळी जेमतेम १ नॅनोमीटर रुंद असते.

१९९१ साली जपानमधील त्सुकुबा येथे एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अशा नळ्या पाहिल्या आणि त्यांची रचना जगासमोर मांडली. त्या एकात एक बसवलेल्या नळ्या होत्या. एकाच थराची सुटी नळी १९९३ मध्ये मिळाली आणि खरी गंमत तिथूनच सुरू झाली.

गुंडाळण्यावर सगळे अवलंबून

मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी छापलेला एक कागद डोळ्यांसमोर आणा. तो सरळ गुंडाळला तर नळीवर एक नक्षी दिसेल आणि जरा तिरका गुंडाळला तर दुसरी. कार्बनच्या नळीचेही असेच आहे. अणू तेच, जाळी तीच, पण गुंडाळण्याची तऱ्हा बदलली की स्वभावच बदलतो. एक नळी तांब्याच्या तारेसारखी वीज वाहून नेते, तर दुसरी सिलिकॉनसारखी अर्धवाहक असते.

ही तऱ्हा शास्त्रज्ञ दोन आकड्यांनी सांगतात. त्या आकड्यांतील फरकाला ३ ने पूर्ण भाग गेला तर नळी धातूसारखी किंवा जवळपास तशी वागते. उदाहरणार्थ, ९ आणि ० ही जोडी धातूच्या गटात जाते, तर १० आणि ० ही जोडी अर्धवाहकांच्या. १९९२ मध्ये हे फक्त गणिताने सांगितले होते. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी एकेक नळी तपासून ते खरे असल्याचे दाखवले.

तांदळातला एक खडा

नळ्या तयार करणे आता तितके अवघड राहिलेले नाही. जपानच्या मेइजो विद्यापीठातील संशोधकांनी तर त्या चक्क कापरापासून बनवल्या आहेत. अडचण पुढे येते. साधारणपणे तयार झालेल्या एकपदरी नळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात आणि त्या सगळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात.

इलेक्ट्रॉनिक चिपमधला ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचे इवलेसे बटण. अर्धवाहक नळीतून जाणारी वीज हवी तेव्हा थांबवता येते, धातूसारख्या नळीतून जाणारी थांबत नाही. त्यामुळे तांदळातला एक खडा जसा तोंडातला घास बिघडवतो, तशी चुकीची एक नळी अख्खे बटण निकामी करू शकते.

मग या नळ्या निवडायच्या कशा? आधी त्या साबणासारख्या द्रव्याच्या पाण्यात टाकून ध्वनिलहरींनी मोकळ्या करतात. त्यानंतरच्या दोन युक्त्या पाहा :

* २००६ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पित्तात सापडणाऱ्या क्षारांच्या मदतीने हे मिश्रण प्रचंड वेगाने फिरवले गेले. घनतेतील बारीकशा फरकामुळे नळ्यांचे वेगवेगळ्या रंगांचे थर परीक्षानळीत तयार झाले.

* २००९ मध्ये त्सुकुबातील संशोधकांनी अ‍ॅगारोज जेल वापरले. हे आपल्या पुडिंगमधल्या चायना ग्रासच्याच कुळातले. अर्धवाहक नळ्या त्याला चिकटून राहतात आणि धातूसारख्या पुढे निघून जातात.

ओळख पटवतो रामन परिणाम

निवडलेली नळी नेमकी कोणती, हे समजण्यासाठी भारतात लागलेला एक शोध कामी येतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सर सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिले की, पदार्थावर पडलेल्या प्रकाशातील थोडासा भाग रंग बदलून परततो. लेझरचा प्रकाश पडल्यावर परतणाऱ्या प्रकाशात नळीच्या कंपनाची खूण सापडते. नळी जणू श्वास घेतल्यासारखी फुगते आणि आकसते. नळी जितकी बारीक, तितके हे कंपन जलद. त्यावरून तिची रुंदी समजते.

मोबाइलमध्ये कधी?

२०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात १७८ ट्रान्झिस्टरचा छोटा संगणक या नळ्यांपासून तयार झाला. २०१९ मध्ये एमआयटीने १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टर असलेला प्रोसेसर चालवून दाखवला. त्यात उरल्यासुरल्या धातूसारख्या नळ्यांमुळे काम बिघडू नये, अशी जुळणीच केली होती. तुमच्या मोबाइलच्या चिपमध्ये मात्र शेकडो कोटी ट्रान्झिस्टर असतात. तेव्हा अजून बराच पल्ला गाठायचा आहे.

खरेदी करताना लक्षात ठेवा

बॅटरी आणि खेळाच्या साहित्यात या नळ्या वापरल्या जातात. पण तिथे काम वेगळे असते, म्हणून इतकी काटेकोर निवड लागत नाही. वेष्टनावर फक्त ‘नॅनो’ लिहिले आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. त्यात नेमके काय आहे आणि त्याचा उपयोग काय, हे आधी विचारा.

सुट्या भुकटीपासून मात्र दूरच राहा. २००८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात लांब, ताठ नळ्यांचा परिणाम अ‍ॅस्बेस्टॉससारखा दिसला होता. मुख्य धोका असतो तो ही धूळ श्वासावाटे शरीरात जाण्याचा, म्हणूनच ती हाताळणाऱ्या कामगारांना विशेष काळजी घ्यावी लागते.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मुलांसोबत एक सोपा खेळ खेळा. पारदर्शक कागदावर षटकोनांची जाळी काढा, एकदा सरळ आणि एकदा तिरकी गुंडाळा आणि दोन्ही नळ्या शेजारी ठेवून नक्षीतला फरक मुलांनाच शोधू द्या.