विश्लेषण : फिश टँकच्या पंपाला जाळी बांधली की पाणी खरेच स्वच्छ होते?

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये ‘प्रोटीन स्किमर’ हे महागड्या यंत्रांपैकी एक. त्याचा कप भरेनासा झाला, की अनेक हौशी मंडळी पंपाची चक्री काढून तिच्यावर नायलॉनची जाळी बांधतात. खर्च किरकोळ आणि हवा जास्त, असा हा जुगाड आहे. पण जास्त हवा म्हणजे जास्त स्वच्छ पाणी, हे समीकरण बरोबर आहे का? आणि या खटाटोपात पंपाला, माशांना आणि माणसालाही धोका किती?

प्रोटीन स्किमर काय करतो?

माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य, शेवाळाचे अवशेष यांतून प्रथिने आणि इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळतात. जिवाणू त्यांचे विघटन करतात. त्यातून आधी अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तयार होते. यांतील अमोनिया माशांसाठी सर्वात घातक. साधा फिल्टर कचरा अडवतो, पण तो वेळेवर धुतला नाही तर अडलेला कचरा त्याच पाण्यात कुजत राहतो. स्किमर मात्र हे पदार्थ कुजण्याआधीच बाहेर काढतो.

प्रथिनांच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, तर दुसरा पाण्यापासून दूर पळतो. त्यामुळे पाण्यात बुडबुडा दिसला की असे रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. बुडबुडे वर चढतात, त्यांचा फेस होतो आणि तो वरच्या कपात सांडतो. डाळ शिजताना वर आलेला फेस पळीने काढून टाकावा, तसेच हे काम. कपात साचणारे तपकिरी, उग्र वासाचे पाणी ही स्किमर चालू असल्याची खूण.

हे खाऱ्या पाण्यातच का जमते?

गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भिडताच जोडले जातात, मोठे होतात आणि झपकन वर येऊन फुटतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बुडबुड्यांना एकत्र येऊ देत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचा फेस पांढराशुभ्र दिसतो आणि म्हणूनच गोड्या पाण्याच्या टाकीत स्किमर फारसा उपयोगी पडत नाही.

बुडबुड्याच्या आकाराने काय फरक पडतो?

एक लिटर हवेचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर ते सुमारे १९ लाख होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर भरतो. व्यास अर्धा केला की बुडबुड्यांची संख्या आठपट आणि पृष्ठभाग दुप्पट, म्हणजे १२ चौरस मीटर. शिवाय लहान बुडबुडा सावकाश चढतो, त्यामुळे प्रथिनांना चिकटायला जास्त वेळ मिळतो. पंपातील सारे बदल याच गणिताभोवती फिरतात.

पंपात नेमका बदल कोणता?

स्किमरचा पंप पाण्याबरोबर एका नळीतून हवाही ओढतो. त्याच्या इम्पेलरला, म्हणजे फिरणाऱ्या चक्रीला, साध्या पात्यांऐवजी बारीक दांड्या असतात. त्या हवेचे तुकडे करतात. म्हणून तिला ‘नीडल व्हील’ म्हणतात. या शतकाच्या पहिल्या दशकात हौशी मंडळींनी दांड्यांच्या जागी गुंतागुंतीच्या नायलॉन तंतूंची जाळी लावून पाहिली. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून अंथरतात, तशीच ही जाळी. मोजक्या दांड्यांऐवजी शेकडो तंतू हवा कापू लागले, हवेची ओढ वाढली आणि बुडबुडे बारीक झाले. ‘मेश मॉड’ या नावाने हा प्रयोग रुळला.

करण्याची रीत सोपी दिसते. जाळीच्या गोल चकत्या कापायच्या, चक्रीवर ठेवायच्या आणि मासेमारीच्या तंगूसाने घट्ट शिवायच्या. तारेने बांधणे मात्र चूक. लोखंडी तार गंजते, तर तांब्याचा अंश कोळंबी, शंख-शिंपले यांसारख्या अपृष्ठवंशी जिवांना मारक ठरतो.

यात धोका कुठे आहे?

पहिला धोका मोटरचा. या पंपांपैकी बरेचसे सिंक्रोनस मोटरवर चालतात. चक्रीला जोडलेले चुंबक विजेच्या वारंवारितेच्या तालावर फिरते. भारतात ती ५० हर्ट्झ आहे, म्हणून मोटर मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. ओझे वाढले तरी ही मोटर हळूहळू मंदावत नाही. मर्यादेपर्यंत ती तोच वेग धरते आणि मर्यादा ओलांडली की ताल सुटून थरथरत राहते किंवा थांबते.

हे संकट बहुधा वीज गेल्यावर समोर येते. चालू असताना जाड जाळी सहज फिरवणारा पंप वीज परतल्यावर सुरूच होत नाही. घरी कोणी नसेल तर तो अडकलेल्या स्थितीत तासन्‌तास तापत राहतो. जाळी एका बाजूला जड असेल तर चक्री डगमगते, शाफ्ट झिजतो आणि आवाज वाढतो. सैल तंतू सुटून टाकीत जातात, ते वेगळेच. शिवाय चक्री कापली की वॉरंटी गेलीच.

दुसरा धोका माणसाला. मोटरचे वेटोळे राळेत बंद केलेले असते. तो भाग उघडण्याचे किंवा कापण्याचे कारणच नाही. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. पंपाला हात लावण्याआधी प्लग काढावा. टाकीची उपकरणे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असावीत.

जास्त हवा म्हणजे जास्त सफाई?

इथेच गोम आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी स्किमरच्या कामगिरीचे मोजमाप करून ते २००९ मध्ये प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या पद्धतींनी बुडबुडे करणारे स्किमर त्यांनी तपासले. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी जेमतेम एक तृतीयांशापर्यंतचाच भाग ही यंत्रे काढू शकली. उरलेले पदार्थ बुडबुड्याला चिकटतच नाहीत. चांगला पंप चिकटणारे पदार्थ लवकर काढू शकतो. न चिकटणाऱ्यांपुढे कोणत्याही पंपाचे काही चालत नाही.

हवेचा अतिरेकही घातक. फेस नळीतून शांतपणे वर चढला तरच त्यातले पाणी निथळते. फार हवा कोंबली की उसळी येते आणि कप पातळ पाण्याने भरतो. कप लवकर भरला म्हणून मालक खूश होतो, पण त्यात मुख्यतः टाकीचेच पाणी असते.

मग करावे काय?

आधी साफसफाई. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचते, चक्रीवर चुन्याचा थर बसतो आणि हवा कमी होत जाते. कोमट पाण्याने नळी मोकळी करावी, चक्री व तिचे घर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून धुवावे. ‘कमजोर’ ठरवलेला पंप पुष्कळदा एवढ्यावरच पूर्ववत होतो.

त्यानंतरही बदल करायचाच असेल, तर मूळ चक्री जपून ठेवावी आणि सुट्या भागातील दुसरी घ्यावी. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हवेचा प्रवाह छोट्या रोटामीटरने आणि वीजवापर वॉटमीटरने मोजावा. वॉटचा आकडा पंपावर लिहिलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर जाळी कमी करावी. जाळी घराच्या भिंतीला घासता कामा नये. मग पंप बादलीभर खाऱ्या पाण्यात दिवसभर चालवावा आणि १०-१५ वेळा बंद-चालू करावा. प्रत्येक वेळी तो स्वतःहून सुरू झाला तरच टाकीत उतरवावा.

आणि ज्या टाकीत मासे दाटीवाटीने आहेत, खाद्य मूठभर पडते आणि पाणी वेळेवर बदलले जात नाही, तिथे जाळी बांधून काही साधत नाही. तिथे खाद्य कमी करणे आणि ठरावीक दिवशी पाणी बदलणे, हाच उपाय.