भान हरपते तेव्हा

दारव्हा तालुक्यातील धामणगाव (देव) येथे मुंगसाजी महाराजांची समाधी आहे. ‘समाधीचे दर्शन घेतले’ असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर जागा असते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र चित्त एका ठिकाणी नीट ठेवणे. माणूस ज्या अवस्थेत स्वतःला विसरतो, तिचेच नाव आपण संतांच्या विसाव्याच्या जागेला दिले.

या अवस्थेला इंग्रजीत ‘रॅप्चर’ आणि ‘एक्स्टसी’ असे शब्द आहेत. पहिल्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘हिसकावून नेणे’ आहे. दुसरा ग्रीक, त्याचा अर्थ आपल्याच बाहेर उभे राहणे. त्यातला ‘उभे राहणे’ हा धातू आणि संस्कृतातला ‘स्था’ हे एकाच कुळातले. गंमत अशी की, तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात चक्रधरस्वामींच्या सान्निध्यात शिष्यांना होणाऱ्या भावावस्थेला ‘स्थिती’ म्हटले आहे. आज आपण स्थिती म्हणतो ती पिकाची आणि पावसाची!

आता आपली रोजची बोली पाहा. भान हरपते, टाळी लागते, अंगात येते. ‘मी भान हरपले’ असे कोणी म्हणत नाही. करणारा मी नव्हे, हे क्रियापदच सांगते. भजनात रात्र चढत जाते, टाळ-मृदंगाची लय वाढते, शेकडो कंठ एक होतात; लक्ष एका नादावर खिळते आणि देहाचा विसर पडतो. त्यात लबाडी नसते, आजारही नसतो.

पण बाहेरून तसेच भासणारे दुसरेही काही असते. माणूस एकाएकी कोसळतो, हातपाय ताठ होतात, झटके येतात. ही मिरगी असू शकते. अशा वेळी त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर तातडीने दवाखाना गाठावा. एरवीही डॉक्टरांना दाखवावेच. मिरगीवर औषधे आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारझोड करणे तर महाराष्ट्रात 2013च्या कायद्याने गुन्हा आहे.

तिसरा प्रकार व्यवसायाचा. ठरल्या वारी, ठरल्या वेळी आणि ठरल्या दक्षिणेवर जे अंगात ‘येते’, ते आलेले नसते, आणलेले असते. येणे आणि आणणे यांतला हा फरक आपल्या भाषेने केव्हाच करून ठेवला आहे. घरातले माणूस कोसळले की घाबरलेल्या जिवाला तो आठवत नाही, म्हणून तो आधीच माहीत असलेला बरा.