जास्वंदीवरचे पांढरे पुंजके

सकाळी साडेसहा. ऑक्टोबरातला रविवार, म्हणजे माझा कुंड्यांचा दिवस. बुलढाण्याची पहाट अजून गार असते. पाणी घालण्याआधी मी मुंग्या बघते. जास्वंदीच्या खोडावर आज त्यांची रांग होती, आणि वर कोवळ्या बेचक्यात कापसासारखे पुंजके. पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

"हा तर कपाशीवरचा," आई म्हणाली. खरंच आहे. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातली, त्यामुळे तिकडचा पाहुणा इकडेही रमतो.

सात. पावसाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या खलबत्त्यात कुटल्या. लिटरभर अर्काला पन्नास ग्रॅम. फडक्यात पुरचुंडी बांधून भिजत टाकली. बारा तास तरी हवेत.

आठ ते दहा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुंजका पुसला. त्यात एक पांढरी अळी भराभर चालत होती. तिला मुद्दाम सोडलं. क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी हुबेहूब पिठ्यासारखी दिसते, पण त्यालाच खाते. घाईत आपण बहुतेक वेळा हाच मित्र चिरडतो.

साडेअकरा. खिडकीतल्या गुलाबाची पानं फिकट, ठिपकेदार. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, तर लालसर ठिपके चालू लागले. लाल कोळी. त्याला आठ पाय. तो कीटक नाहीच, म्हणून कीटकनाशकं बहुधा वाया जातात. पानं खालून पाण्याच्या धारेने धुतली.

तीन. धाकटा भाऊ शेतातून आला. हातात कपाशीवरच्या औषधाची उरलेली बाटली. "ताई, झाकणभर टाक, उद्या साफ." मी ती परत पाठवली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. माझ्या कुंड्या तर आई झोपते त्या खोलीच्या दारात आहेत.

सात वाजता अर्क गाळला, थोडं साबणाचं पाणी मिसळलं आणि पानांच्या खालून फवारला. उन्हात त्याचा गुण लवकर जातो, म्हणून संध्याकाळ. अंड्यांतून नवी पिल्लं निघतील, तेव्हा पुढच्या रविवारी पुन्हा.

घरात शेतातल्या औषधाची बाटली असेल, तर ती कुंड्यांजवळ नेऊ नका.