पासपोर्ट, खोली आणि मजूर: पेडणे-डिचोलीतले काही गैरसमज

1 सप्टेंबर 2025 पासून देशात स्थलांतर आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. 1920, 1939, 1946 आणि 2000 सालचे चार कायदे रद्द करून हा एकच आणला गेला. गोव्यात त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला.

'आता भायल्यांना (बाहेरच्यांना) चाप बसणार' हा त्यातला सर्वांत पोकळ अर्थ. डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवणारा किंवा मोपा विमानतळाच्या परिसरात बांधकामावर राबणारा माणूस ओडिशाचा असेल, झारखंडचा असेल, परदेशी नाही. घटनेच्या 19व्या कलमाने त्याला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते हे खरे, पण त्याचा या कायद्याशी संबंध नाही.

कायदा ज्यांना खरोखर लागू होतो, ते मात्र निवांत दिसतात. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावर घराची एखादी खोली रशियन किंवा इस्रायली पाहुण्याला देणाऱ्याला वाटते, 'नियम हॉटेलांना, आपली तर घरातलीच खोली.' तसे नाही. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. 'सी फॉर्म' म्हणून लोक ओळखतात तो हाच. व्हिसा संपल्यावरही राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण घराघरांत चर्चा असते ती येणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांची, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टची. पहिला गैरसमज: 'तो साष्टी-बार्देशच्या ख्रिश्चनांसाठी.' पोर्तुगालच्या कायद्यात धर्माची अट नाही आणि आधी जिंकलेला मुलूख की नंतरचा, असा जुन्या-नव्या काबिजादीचा भेदही नाही. सावंतवाडीकरांकडून पेडणे 1788 साली पोर्तुगीजांकडे गेले, डिचोली त्याच्या थोडे आधी. 1961 च्या डिसेंबरात मुक्ती मिळेपर्यंत इथे जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी त्यांचाच नागरिक. आधी त्याचा जन्म आणि विवाह लिस्बनला नोंदवायचा, मग मुलांचा, मग नातवंडांचा, अशी ही साखळी आहे. हिंदू कुटुंबांची अडचण बहुधा कागदांतच निघते. जुन्या नोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाने, आणि आजीचे माहेरचे नाव तिसरेच. ते जुळवता जुळवता अर्जदाराची चप्पल झिजते.

दुसरा गैरसमज महागात पडणारा आहे: 'दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात.' 1962 च्या केंद्राच्या आदेशाने गोमंतकीय भारताचे नागरिक झाले. घटनेचे नववे कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा सांगतात की, स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. परदेशी पासपोर्ट मिळवणे हाच त्याचा पुरावा मानला जातो; भारतीय पासपोर्ट कपाटात जपून ठेवल्याने काही वाचत नाही. नुसती जन्मनोंदणी केली आणि पासपोर्ट घेतला नाही, तर काय? यावर गोव्यात बरेच वाद झाले आहेत, आमदारकीपर्यंत पोहोचलेले. निर्णय मात्र केंद्र सरकारने करायचा असतो, वाड्यावरच्या एजंटाने नाही.

ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड म्हणजेही दुहेरी नागरिकत्व नव्हे. ते घेतल्यावर येता-जाता येते, राहता येते; पण मत देता येत नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित काजूची बाग वारसाने मिळू शकते. डिचोलीतल्या मये गावात जमिनी सरकारी ताब्यात गेल्याची गोष्ट आठवून कुणी घाबरत असेल, तर तिथला प्रश्न 1964 च्या निर्वासित मालमत्तेच्या कायद्यातून उद्भवला. आज पासपोर्ट बदलणाऱ्याची बाग त्या वाटेने जात नाही.

आणि विलायत? आपल्या माणसांनी स्विंडनसारखी गावे गाठली ती युरोपीय संघाच्या मुक्त ये-जा करण्याच्या हक्कावर. 2020 संपले आणि तो हक्क ब्रिटनपुरता संपला. जे तोवर तिथे राहत होते, त्यांना तिथेच राहण्यासाठी 30 जून 2021 पर्यंत अर्ज करता आला. आज पोर्तुगीज पासपोर्टवर फिरायला जाता येईल, तेही आधी ऑनलाइन परवानगी (ईटीए) काढून. कामाला मात्र व्हिसा हवा. 'एकदा पासपोर्ट होऊ दे, मग लंडनच' असे अजूनही सांगितले जाते, तेव्हा समोरचा जुनी बातमी विकत असतो.

त्यानंतरची बातमी लिस्बनची आहे. तिथल्या संसदेने ऑक्टोबर 2025 मध्ये नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ पाच वर्षांवरून बहुतेकांसाठी दहावर नेणारे विधेयक मंजूर केले. डिसेंबरात तिथल्या घटना न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदींवर बोट ठेवले. ही दहा वर्षांची अट पोर्तुगालमध्ये राहून नागरिक होऊ पाहणाऱ्यांची आहे. आजोबांच्या पेडण्यातल्या जन्मावर अर्ज करणाऱ्याची वाट वेगळी. 'दार बंद होतंय, आत्ताच पैसे भरा' म्हणणाऱ्याला आधी विचारा, यातले कोणते दार?