काळ्या पाषाणाखालचे गवत

आमच्या हिंगोलीच्या शिवारात विहीर खोदताना मुरमाखाली काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला हा लाव्हा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला या लाव्हाहून जुन्या गाळात डायनोसॉरची हाडे व दगड बनलेली विष्ठा सापडली. २००५ साली त्या विष्ठेत गवतातले सिलिकाचे सूक्ष्म कण असल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे गवत डायनोसॉरच्या काळीही होते! पुढच्या काळातील थरांतून ते अजस्र प्राणी नाहीसे झाले; गवत मात्र बदलत, पसरत राहिले. आपली ज्वारी त्याच कुळातली. उत्क्रांतीला पुरावा काय, असे मुलांनी विचारले, तर मी त्यांना हीच खालून वर वाचायची दगडांची पोथी दाखवीन.